कट्टी

कळमन्याच्या बाजारात मी अठ्ठावीस वर्षं पावत्या लिहितो,
संत्र्याच्या, कांद्याच्या, एकदा चुकून एका बकरीची.
माणसाची पावती फाडली ती एकदाच,
डिसेंबरात, भय्यासाहेबांना साठावं लागलं तेव्हा.

संत्रातुला होती.
इतवारीपासून पारडीपर्यंत फलक,
दर फलकागणिक ते थोडे थोडे गोरे होत गेलेले.
इलेक्ट्रॉनिक काटे बाजारात चाळीस,
पण फोटोत त्यावर माणूस राजा वाटत नाही,
दवाखान्यात आल्यासारखा वाटतो.
दांडीचा काटा हवा होता,
आणि तो आता फक्त डोमाजी वाघधऱ्याकडे.

डोमाजी मापारी. बापही मापारी.
तंबाखू मळतानासुद्धा
दोन्ही तळहात एका पातळीत धरणारा.
"भाडं नाई घेत," म्हणाला,
"मापाई घेईन. बाजारभावानं."

अकराचे भय्यासाहेब दीडला आले.
पारड्यात चांदीच्या मुलाम्याची खुर्ची,
गांधीबागेतल्या मंडपवाल्याची, नवरदेवाची,
पाठीला 'शुभविवाह'मधला वि अजून चिकटलेला.
ते बसले. सनई.
समोर काटोलचे पाच क्रेट. पारडं ढिम्म.
नरखेडचे दोन. ढिम्म.
संत्राबर्फीचे डबे ठेवले,
कोणी घाईत रस्त्याच्या मागणीचं निवेदनही ठेवलं, फाइलीसकट.
"याले म्हंतात वजनदार नेता!"
टाळ्या.

"कट्टी कापा लागते," डोमाजी म्हणाला.

"कसली कट्टी?" पीए.

"शेतकऱ्याच्या मालातून कापता ना तुमी?
डब्ब्याची, पाल्याची, सडक्याची.
मी माल तोलतो, डब्बा नाई.
भय्यासाहेब, खुर्ची सोडा लागते."

सनईवाल्यानं घेतलेला श्वास तसाच आत ठेवला.
विरोधक सांगून थकले, कोर्ट सांगून थकलं,
पाठदुखीच्या डॉक्टरनंही सांगून पाहिलं होतं.
ते वाक्य एक मापारी बोलला, टोपी सावरत,
कांद्याचा भाव सांगावा तसं.

"म्हातारबा, कोणाशी बोलून राह्यला तू?"

"काटा माहा हाये," डोमाजी म्हणाला,
"काट्यावर चढला तो माल."

भय्यासाहेब उतरले.
का उतरले ते मला अजून कळलं नाही,
कॅमेरे चालू होते म्हणून असेल.
मग घड्याळ. चार मोबाइल. बोटातले खडे.
शाल, शालीखालची शाल, जाकीट,
आणि जाकिटाबरोबर बराचसा भय्यासाहेबच निघाला.
उरला एक किडकिडीत इसम,
मोज्याला भोक,
पारड्यात मांडी घालून.

समोरून बर्फी उतरली, निवेदन उतरलं,
क्रेट एकेक उतरत गेले, मग सुटी संत्री.
दांडी थरथरली,
पारडं वर आलं, वीतभर, दोन वीत,
आणि तो इसम खुदकन हसला.
"जरा झुलवा ना," म्हणाला. हळूच.
डोमाजीनं झुलवलं. दोनदा.
तिसऱ्यांदा नाही.
"काटा खराब होते."

पावती मी लिहिली.
नग एक. कट्टी वजा जाता
अठ्ठावन्न किलो सहाशे.
प्रत? मी विचारलं.
डोमाजीनं दाबून नाही पाहिलं, नुसतं पाहिलं.
"मध्यम लिही."
मापाई बारा रुपये.
पीएनं पाचशेची नोट फेकली.
डोमाजीनं ती उचलली, झटकली,
चारशे अठ्ठ्याऐंशी परत केले,
शेवटचे आठ एकेकाच्या नाण्यांत,
पीएला ओंजळ करावी लागली.

दुसऱ्या दिवशी पेपरात
दीडशे किलो संत्री, फोटो खुर्चीतला.

खुर्ची मात्र संध्याकाळपर्यंत तिथंच होती,
एक पोरगं तिच्यात बसून सांडलेलं संत्रं सोलत होतं.
मंडपवाला आला, दोन हमाल लागले.
जाता जाता डोमाजीनं ती काट्यावर घातली,
उगाच, आपल्या समाधानासाठी.
एकशे बारा.

"पावती?"
"फाड ना," तो म्हणाला.
"रिकामा डब्बा. वापस."